आटलेल्या नदीवर ट्राऊट : सतरा दिवसांच्या नोंदी

दिवस १

गेल्या हंगामात जिथे काठी टेकत टेकत नदी ओलांडायचो, तिथे आज घोटासुद्धा भिजला नाही. खळाळ उघडे पडलेत. दगडांवरचं शेवाळ वाळून पापुद्र्यासारखं सुटतंय. पाणी उरलंय ते डोहांत, आणि तेही इतकं नितळ की तळावरच्या काटक्या मोजाव्यात.

या नोंदी दुष्काळात फ्लाय (पिसं-दोरे बांधून कीटकासारखा केलेला गळ) घेऊन ट्राऊट या गार पाण्यातल्या माशाच्या मागे जाणाऱ्यांसाठी. साहित्य नेहमीचंच घेतलं : ९ फुटी ५ नंबरचा रॉड, तरंगती लाईन, ९ फुटी लीडर (लाईनच्या टोकाचा निमुळता पारदर्शक दोरा), पुढे ४एक्स टिपेट (फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक दोरा, एक्सचा आकडा मोठा तितका तो बारीक). डबीत फ्लाय भरपूर, पण निम्म्याहून जास्त भरल्या नदीच्या. मोठ्या, जड, झुबकेदार.

सकाळी दहाला पहिल्या डोहावर पोचलो. काठावर सरळ उभं राहून खाली पाहिलं, तर डोह जिथे उथळ होत जातो तिथे सात ट्राऊट ओळीत. मला ते दिसले म्हणजे मीही त्यांना दिसलोच होतो, हे मला कळायला चार डोह लागले. लाईन अजून हवेतच असायची आणि मासे कपारीत गेलेले असायचे. एकदा लाईन पाण्यावर पडायचीही गरज लागली नाही, नुसती तिची सावली डोहावरून गेली आणि सगळा डोह रिकामा.

चार डोह, साडेचार तास, मासे शून्य. थर्मामीटर घरी राहिला होता आणि त्याचं मला काही वाटलंही नव्हतं.

दिवस २

रात्री विचार करून चुकीच्या निष्कर्षाला आलो : टिपेट जाड आहे. म्हणून लीडर १४ फुटांपर्यंत वाढवला, पुढे ६एक्स, म्हणजे ०.१२५ मिलिमीटर, आणि टोकाला २० नंबरची फ्लाय (नंबर मोठा तितकी फ्लाय लहान). इतका लांब लीडर वाऱ्यात फेकायची सवय नव्हती. पहिला गुंता सोडवायला २५ मिनिटं गेली, दुसरा सोडवलाच नाही, कापून टाकला. तिसऱ्या वेळी फ्लाय मागच्या झुडपात राहिली. सहा फ्लाय गेल्या.

दुपारी पावणेचारच्या सुमाराला एक ब्राऊन ट्राऊट लागला. चांगला हातभर लांब. टिपेट बारीक, त्यामुळे जोर लावायची भीती. तो ओढेल तिकडे लाईन देत राहिलो. आठ मिनिटं. जाळीत आला तेव्हा दमून कुशीवर पडला होता. आणि मी काय केलं? त्याला पाण्याबाहेर धरून फोटो काढला. पहिला हलला म्हणून दुसरा.

परत पाण्यात धरला. कल्ल्याचं झाकण उघडलं, मिटलं, उघडलं. मग बराच वेळ उघडलंच नाही. अंगावरचे लाल ठिपके तसेच झळझळीत होते, फक्त डोळा खाली वळत नव्हता. (पाण्यात जिवंत मासा आडवा केला तरी त्याचा डोळा सरळ राहायची धडपड करतो. हे मला तेव्हाच लक्षात आलं.) पंधरा मिनिटं गुडघ्यावर बसून होतो. सोडला तसा पोट वर करून तळाशी गेला.

संध्याकाळी काठावर एक काका भेटले, वर्षानुवर्षं याच पाण्यावर येणारे. त्यांना सगळं सांगितलं.

“पाणी कसं होतं?”

“एकदम स्वच्छ.”

“अरे, किती अंश होतं ते विचारतोय.”

मी गप्प. त्यांनी खिशातला थर्मामीटर पाण्यात धरला. संध्याकाळचे सात वाजून गेले होते तरी २१.५.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेनबो ट्राऊटना दमेपर्यंत पळवलं होतं. नुसते दमवलेल्यांपैकी १२ टक्के मेले. दमवून वर अर्धा मिनिट हवेत धरले त्यांतले ३८ टक्के, आणि एक मिनिट धरले त्यांतले ७२ टक्के. हे मी पूर्वी वाचलं होतं. वाचलेलं हातापर्यंत पोचायला एक मासा गेला.

दिवस ३

रॉड घरी ठेवला. फक्त थर्मामीटर, वही आणि पेन्सिल. एकाच डोहाच्या वरच्या तोंडाशी, सावलीत, कोपरभर खोल, प्रत्येक वेळी दोन मिनिटं धरून :

पहाटे ५:४० ला १५.५
९:०० ला १७
१२:०० ला १९.५
४:३० ला २२.५
रात्री ९:०० ला २०.५

म्हणजे काल मी तो मासा दिवसातल्या सर्वांत वाईट तासाला धरला होता. संध्याकाळ गार वाटते ती आपल्याला. पाणी उशिरा तापतं आणि उशिराच निवतं, सूर्य कलल्यावरही दगड त्याला ऊब देत राहतात. खरं गार पाणी पहाटेचंच. गंमत अशी की गरम पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यात तो मावतो कमी : १० अंशाला लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, २० अंशाला ९.१. त्यात वर आपण त्याला पळवणार.

पाणी २० अंशाच्या वर गेलं की गळ टाकायचा नाही, ही रेघ ट्राऊट पकडणाऱ्यांत सर्वसाधारण मानली जाते. मी माझ्यापुरती १९ ठेवली, कारण मासा लागेपर्यंत आणि सुटेपर्यंत पारा थांबून राहत नाही.

दुपारी काठाने थर्मामीटर बुडवत चाललो होतो. एका ठिकाणी, नेचे उगवलेत त्या कपारीखाली, पारा एकदम १३ वर उतरला. जमिनीखालून झरा येत होता, मनगटाएवढा. पोटावर सरपटत जाऊन पाहिलं. त्या एवढ्याशा गार पट्ट्यात वीस-बावीस ट्राऊट, एकाच्या परांना दुसऱ्याची शेपटी लागेल असे, सगळ्यांची तोंडं झऱ्याकडे. एकही काही खात नव्हता, नुसते कल्ले हलत होते.

हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. तिथे आंधळ्यानेही मासा काढला असता. पण त्यांना तिथून हुसकलं तर जायला दुसरी जागा नाही. नकाशावर खूण केली, त्या जागेपासून पन्नास पावलांच्या आत गळ टाकायचा नाही असं वहीत लिहिलं आणि उलटा सरपटत आलो.

दिवस ४

घरकाम. सगळ्या गळांचे उलटे काटे पकडीने चेपले. डबीतल्या मोठ्या फ्लाय काढून ठेवल्या. गाठींची जाळी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडते, म्हणून हातजाळीला रबरी जाळी लावली.

दिवस ५

पहाटे ५:१५ ला नदीवर, पाणी १५.५. आज उभा राहिलोच नाही. डोहाच्या खालच्या बाजूने, माशांच्या पाठीमागून, गुडघ्यावर. मासा धारेकडे तोंड करून असतो तेव्हा थेट मागे त्याला दिसत नाही. पाण्यात पाय घातला नाही, कारण साचल्या डोहात एक पाऊल टाकलं की त्याची लाट पलीकडच्या काठाला जाऊन परत येते. लाईन कोरड्या गोट्यांवर पडू दिली, पाण्यावर फक्त लीडर. हवेतल्या फेका डोहावर न घेता बाजूला, काठावर घेतल्या, आणि शेवटचीच पाण्याकडे वळवली. रॉड आडवा.

साडेसहाच्या पुढे उघड्या खळाळावर धुरासारखं काहीतरी तरंगू लागलं. ट्रायको. ही मेफ्लाय (पाण्यात वाढणारा, थोडक्या आयुष्याचा उडता कीटक) इतकी चिमुकली की बोटावर बसली तर तीळ वाटते. नर रात्री बाहेर पडतात, माद्या पहाटे, मग हवेतच मीलन, आणि ऊन चढू लागलं की पंख पसरून पाण्यावर पडतात. डोहातले मासे पृष्ठभागाशी येऊन ओठ न उघडल्यासारखे त्यांना टिपत होते.

२२ नंबरची फ्लाय, ६एक्स टिपेट. फ्लाय मला दिसत नव्हती, पण माशांना दिसत असावी, कारण प्रत्येक जण जवळ यायचा, नाकाने ढोसल्यासारखं करायचा आणि परत जायचा. नकार मोजले : अकरा. मग ७एक्स बांधलं, ०.१ मिलिमीटर. तरी नकार. एकाने घेतली, झटका दिला, तटकन तुटलं. फ्लाय त्याच्या ओठात राहिली, याचं दिवसभर वाईट वाटत होतं.

८:५० ला पारा १७. थांबायची गरज नव्हती, पण ट्रायको संपल्या आणि मीही.

दिवस ६

काका पलीकडच्या काठावर बसून बघत होते. चौथ्या नकारानंतर म्हणाले, “टिपेटकडे नको बघूस, फ्लायच्या शेजारच्या फेसाकडे बघ.”

बघितलं. फेसाचा एक बुडबुडा आणि माझी फ्लाय एकाच वेळी निघाली. दोन हात गेल्यावर बुडबुडा पुढे, फ्लाय मागे. फरक बोटभर. तेवढीच ओढ! भरल्या नदीत ही ओढ लाटांत लपून जाते. इथे पाणी काचेसारखं, मासा निवांत, आणि फ्लायच्या मागे केसाएवढी रेघ उमटते. मी चार दिवस जाडीशी भांडत होतो, घोडं अडलं होतं ओढीपाशी.

बदल दोन केले. टिपेट ५एक्सवर परत आणलं (०.१५ मिलिमीटर), पण लांबी दोन फुटांची साडेचार फूट केली. आणि फेक पूर्ण सरळ न होऊ देता शेवटी रॉडचं टोक जरा मागे थांबवलं, म्हणजे टिपेट पाण्यावर सैल, वेटोळी होऊन पडतं. ती वेटोळी सरळ होईपर्यंत फ्लाय मोकळी वाहते. तीन-चार हात पुरतात.

अडचण उरली ती अशी की २२ नंबरच्या फ्लायच्या भोकातून ५एक्स धड जात नाही. जुनी युक्ती वापरली : १८ नंबरच्या एकाच गळावर पाठोपाठ दोन ट्रायको बांधल्या. पाण्यावर पडलेल्या ट्रायको अनेकदा एकमेकींना चिकटूनच वाहतात, त्यामुळे माशांना यात काही खटकलं नाही. मलाही ती फ्लाय दिसू लागली, हा वरचा फायदा.

तीन मासे. सगळे दीड-दोन मिनिटांत जाळीत, कारण ५एक्सला जोर सोसतो. एकालाही पाण्याबाहेर काढलं नाही. जाळीतच गळ फिरवून काढला आणि तोंड धारेकडे करून धरलं. पुढे-मागे हलवायचं नाही, मागे ओढलं की कल्ल्यांतून पाणी उलटं जातं. तिसरा तर हात सैल करायच्या आतच निसटला आणि माझ्या तोंडावर पाणी उडवून गेला.

७:५५ ला पारा १७.५. घरी.

दिवस ७ ते ९

तलावावर जायचं ठरवलं, आणि बूट ओले. एका पाण्यातले ओले बूट दुसऱ्या पाण्यात नेले की डिडिमो शेवाळासारख्या गोष्टी सोबत जातात. न्यूझीलंडमध्ये ते २००४ मध्ये सापडलं आणि २००८ पासून तिथे नमदा (दाबून केलेलं जाड कापड) लावलेल्या तळव्यांचे बूट वापरायला बंदी आहे, कारण नमदा सुकता सुकत नाही. माझ्याही बुटांचे तळवे नमद्याचेच. आतून हाताला कोरडे लागल्यावर पुढे अजून ४८ तास, असा तिथला दंडक. तीन दिवस गेले. पुढच्या वेळी रबरी तळव्याचे.

दिवस १०

तलाव काठापासून दूर गेलाय. मधे चिखलाचा भला रुंद पट्टा, वर भेगाळलेली पपडी. पपडीवर विश्वास ठेवला. पंधरा पावलं टणक होती, सोळाव्याला उजवा पाय मांडीपर्यंत आत. डावा उचलून पुढे टाकायला गेलो (नेमकं करू नये ते), तोही गेला. ओढावं तसा चिखल चोखून धरतो. शेवटी पाठीवर आडवा झालो, वजन पसरलं, आणि पाय एकेक करून मागे-पुढे हलवत काढले. पन्नास मिनिटं लागली. एक बूट आतच राहिला, तो रॉडच्या नळीने उकरून काढला. एकटा होतो, कोणाला सांगून गेलो नव्हतो. हे इतर कुणी करू नका.

नंतर खडकाळ, उताराच्या बाजूने पाण्याशी गेलो. पृष्ठभाग २३.५. एवढ्यात ट्राऊट वर येणार नाहीत. खालचं तापमान मोजायला बाटलीला दगड आणि दोरी बांधून सोडली. ती वरच्या वरच भरली आणि वरचंच पाणी घेऊन खाली गेली. सगळीकडे २३! मला पाऊण तास वाटत राहिलं की तलाव तळापर्यंत उकळलाय. मग बाटलीला बूच लावलं, बुचाला दुसरी दोरी. खोलीवर गेल्यावर झटका दिला की बूच निघतं. आता आकडे खरे आले : ३ मीटरला २२.५, ५ ला २०, ६ ला १६.५, ७ ला १४.

दिवस ११

बुडणारी लाईन, टाइप ३. सेकंदाला साधारण ३ इंच बुडते. पहिल्या तासात फेकल्यावर ३० पर्यंत मोजून ओढत होतो. हिशेब केला तर ३० सेकंदांत लाईन सव्वादोन मीटरलाच पोचते, म्हणजे मी गरम पाणी विंचरत होतो. सहा मीटरला ८० पर्यंत मोजावं लागतं. ८० मोजताना मन भटकतं, म्हणून मोठ्याने मोजलं. दोन फ्लाय तळाच्या खोडात गेल्या.

तिसऱ्यांदा ८० ला, ओढ सुरू करताच, एक रेनबो लागला. जाड टिपेट होतं, पटकन आणला. पण सहा मीटरवरच्या साडेसोळा अंशांतून तो साडेतेवीसच्या पाण्यात आला होता. धरून ठेवलं त्याच पाण्यात, दुसरं आणणार कुठून? पाच मिनिटांनी तो गेला, सरळ खाली, पण संथ. वाचला की नाही सांगता येत नाही. खाली गार पाणी आहे म्हणून सगळं आलबेल असंही नसतं. अशा तलावात उन्हाळा सरता सरता तळाच्या गार थरातला प्राणवायूही संपत येतो, आणि मासे मधल्या अरुंद पट्ट्यात कोंडले जातात. त्या पट्ट्यातून एकेक उपसून गरम पाण्यात आणायचा हा खेळ मला पटला नाही. लाईन गुंडाळली.

संध्याकाळी रिकाम्या हाताने उघड्या तळावर, जिथे खडक आहे तिथे, फिरत बसलो. भरल्या तलावात जिथे नेहमी मासे लागायचे ती जागा आता डोळ्यांसमोर होती : एक बुडालेला बांध, त्याला पडलेलं खिंडार, आणि खिंडारातून जाणारं जुन्या ओढ्याचं पात्र. इतकी वर्षं मी त्या बांधाच्या चुकीच्या बाजूला फेकत होतो.

दिवस १४

बूट पुन्हा वाळवून नदीवर. आकाश दिवसभर भरलेलं, दुपारीही पारा १८.५ च्या वर गेला नाही. असा दिवस दुष्काळात लॉटरीच. नाकतोडे गवतात पुष्कळ, म्हणून मोठा नाकतोडा बांधला, तो पडला की मासे पळत. मग काळा भुंगा, १४ नंबर, फोमचा. झुकलेल्या फांदीखाली, काठापासून वीतभर, ‘टप्’ असा आवाज होईल असा टाकला. पडल्या पडल्या, मासा वळून येईपर्यंत मी श्वास धरून. पाच मासे मिळाले. सगळे सावलीतून, सगळे पहिल्या किंवा दुसऱ्या फेकीत. तिसरी फेक त्याच जागी कधीच चालली नाही.

दिवस १५

संध्याकाळी वीस मिनिटांचा पाऊस. आनंदाने धावत गेलो. पावसाआधी २०.४, नंतर २१.१. तापलेल्या दगडांवरून आणि वाटांवरून पाणी ऊब घेऊन आलं होतं, वर धूळ आणि पाचोळा. तसाच परतलो.

अमेरिकेत मोंटाना राज्यात पाणी सलग ३ दिवस ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे जवळजवळ २३ सेल्सियसला पोचलं की दुपारी २ ते मध्यरात्र त्या पट्ट्यात गळ टाकायला बंदी घालतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तर यलोस्टोन नदीचा १८३ मैलांचा पट्टा सर्वांनाच बंद केला होता. एका परजीवीच्या साथीने हजारो मासे मेले होते, आणि कमी, गरम पाण्याने त्यात भर घातली होती. माझ्या नदीवर असा फलक अजून लागलेला नाही.

दिवस १७

पहाटे ५:४० ला १९.२. रात्रभरात पाणी निवलंच नाही. डोहात मासे दिसत होते, दोन तर वर येऊन टिपतही होते. लाईन ओवलेली होती, फ्लाय बांधलेली होती. बांधलेली फ्लाय कापून डबीत ठेवली. काका आधीच परत निघाले होते, त्यांनी लांबूनच बोटांनी एक आणि नऊ दाखवले.

झऱ्यावर लांबून, झाडाआडून, नजर टाकली. आता मासे जास्त आहेत, तीसच्या आसपास. नेच्यांची पानं काठाकडून पिवळी पडू लागलीत, झरा मात्र तेवढाच वाहतोय, पारा १३.

तिथून दोरी, पेन्सिल आणि एक लांब काठी घेऊन तलावावर. काठीने आधी जमीन चाचपत, मगच पाऊल. आज घरी सांगून आलो होतो. बुडालेला बांध पावलांनी मोजला आणि काठावरच्या दोन मोठ्या खडकांवरून दिशा टिपून घेतली. खिंडार : चपट्या खडकापासून ४३ पावलं. ओढ्याच्या पात्राचं वळण : तिथून पुढे २६. वळणापाशी पात्राची खोली माझ्या छातीएवढी.